घर सोडून अडीच महिने झाले, डिपॉझिट अजून मालकाकडेच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाकडमध्ये टू बीएचके, भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार. ११ महिन्यांचा एक करार झाला, तो संपल्यावर आणखी ११ महिन्यांचा दुसरा. दोन्ही नोंदवलेले. महिनाभर आधी कळवून ३१ मे रोजी घर रिकामं केलं आणि चावी एजंटकडे दिली. मालक आधी म्हणाले, "नवीन भाडेकरू आला की देतो." जुलैत भाडेकरू आला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेब आला: ७५ हजारांतून रंगकाम ३०,०००, डीप क्लीनिंग ६,०००, सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस ४,४००, लाइट बिल १,१८०, किचन ट्रॉली २,५००. "उरलेले ३०,९२० बघू पुढच्या महिन्यात." त्यात भर म्हणजे दुसऱ्या करारात डिपॉझिट २५ हजारच लिहिलं गेलंय. आता काय करता येईल?

मी पुण्यात वकिली करतो आणि भाडेकराराची प्रकरणं वर्षानुवर्षं हाताळतो आहे. तुमचे पैसे बुडालेले नाहीत. ज्या मेसेजने तुमचा संताप झाला, तोच तुमच्या हातातला सगळ्यात चांगला कागद आहे. मालकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की डिपॉझिट ७५ हजार होतं, ते त्यांच्याकडे आहे, आणि काय काय कापायचं ते असं असं आहे. हे एरवी मालकाकडून वदवून घ्यायला माझे महिने जातात. तो मेसेज डिलीट होऊ देऊ नका. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, फोन बदलणार असाल तर जुना फोन सांभाळा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

मालक डिपॉझिट का अडवतात हे आधी समजून घ्या, म्हणजे बोलायचं कसं ते कळेल. बहुतेकांचा हेतू पैसे खायचा नसतो. डिपॉझिट ही परत करायची अनामत आहे हे त्यांना माहीत असतं, पण ती रक्कम बाजूला ठेवलेली नसते. ती होमलोनच्या हप्त्यात, मुलाच्या फीमध्ये, घरातल्या दुखण्याखुपण्यात खर्च झालेली असते. मग पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून तुमचं द्यायचं, एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. तो येईपर्यंत थांबवायचं, आणि आला की त्यातूनही थोडं वाचवायला खर्चाची यादी काढायची. अशा माणसाशी "तुम्ही फसवलंत" या सुरात भांडलात तर तो दुखावतो, फोन उचलायचा बंद करतो आणि तुमचा नंबर ब्लॉक करतो. त्याच्यासमोर तारीख आणि आकडा ठेवला, तोही लेखी, तर दहातल्या सात-आठ जणांशी कोर्टाबाहेरच मिटतं, असा माझा अनुभव आहे.

आता यादी एकेक ओळ करून पाहू.

रंगकामाचे ३० हजार. तुमच्या करारात घर जपण्याचं एक कलम असेल, ते काढून वाचा. नोंदवलेल्या बहुतेक करारांत लिहिलेलं असतं की लायसन्सधारकाने, म्हणजे राहणाऱ्याने, घर आहे त्या स्थितीत राखायचं आणि नुकसान झाल्यास स्वखर्चाने दुरुस्त करायचं, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून. सगळा वाद त्या शेवटच्या चार शब्दांत आहे. २२ महिन्यांत भिंतीचा रंग मळणारच. सोफ्यामागे पट्टा उमटतो, स्वयंपाकघरात फोडणीचा पिवळेपणा येतो, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल धरते. ही झीज झाली. लहान मुलाने स्केचपेनने भिंत रंगवली, ड्रिल मारून पंधरा भोकं पाडली, एसीचं पाणी महिनोन्महिने भिंतीवर गळू दिलं, तर ते नुकसान. हा फरक आपल्या कायद्याला नवा नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याने घेतलेली मालमत्ता परत करताना वाजवी झीज सोडून दिलेली आहे. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे तुमच्यासारखा ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार, हा भाडेपट्टा नव्हे, पण तत्त्व तेच धरलं जातं.

मालकांना एवढे तीनच प्रश्न विचारा, तेही लेखी. मी राहायला आलो तेव्हा घर नव्याने रंगवलेलं होतं का? ३० हजारांचं बिल कुठे आहे, कोणत्या तारखेचं, कोणाच्या नावाचं? आणि कोणत्या भिंतीला झिजेपलीकडचं काय झालं, त्याचे फोटो कुठे आहेत? समजा त्यांनी ताजा रंग देऊन घर दिलं होतं आणि एका खोलीत खरंच नुकसान झालंय, तरी सगळ्या घराच्या रंगाचा पूर्ण खर्च तुमच्यावर येत नाही. घरातला रंग चार-पाच वर्षं चालतो असं धरून तडजोडीत मी त्या एका खोलीपुरता आणि उरलेल्या वर्षांपुरता भाग काढतो. तो आकडा हजारांत येतो, दशहजारांत नाही. एक अपवाद मात्र आहे. "घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं वजा होईल" असं कलम हल्ली अनेक करारांत घातलेलं असतं. ते तुमच्या करारात असेल आणि तुम्ही सही केली असेल तर माझं उत्तर बदलतं. मग २४ हजार जातील असं धरून चाला आणि बाकीच्या रकमेवर जोर लावा.

डीप क्लीनिंग. घर झाडून-पुसून, सामान काढून दिलं असेल तर हे तुमच्याकडून घेता येत नाही, करारात तसं लिहिलेलं नसल्यास. बाथरूममध्ये मेणचट थर, चिमणीला तेलाचे थेंब, बाल्कनीत कबुतरांची घाण सोडून आला असाल तर मात्र मनाशी प्रामाणिक राहा आणि हजार-दोन हजार सोडा.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसचा मुद्दा अगदी सरळ आहे. सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी त्याच्याकडून हे शुल्क घेते. १ ऑगस्ट २००१च्या शासन निर्णयानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते सभासदाने, म्हणजे मालकाने भरायचं. करारात तुमच्या अंगावर स्पष्ट टाकलेलं नसेल तर ४,४०० रुपये तुमचे नाहीत. कित्येक भाडेकरू "सोसायटीचं असेल काहीतरी" म्हणून ही ओळ मुकाट्याने सोडून देतात.

लाइट बिल द्या. महावितरणचं बिल वापर झाल्यावर येतं, त्यामुळे मेचा वापर जूनच्या बिलात येणारच. फक्त बिलाची प्रत मागून रीडिंगच्या तारखा पाहा. जूनमध्ये तिथे रंगारी, सुतार काम करत असतील आणि तेही युनिट तुमच्या माथी आले असतील तर तेवढं वगळा. घर सोडताना मीटरचा फोटो काढला असेल तर पाच मिनिटांत निकाल लागतो.

ट्रॉलीचं चॅनेल तुमच्या हातून तुटलं हे तुम्ही स्वतः लिहिलंय. मग ते द्या, बिल पाहून. आपलं देणं आपण होऊन मान्य केलं की समोरचा, आणि पुढे वेळ आली तर न्यायाधीशही, तुमच्या बाकीच्या म्हणण्यावर विश्वास ठेवतात.

म्हणजे १,१८० अधिक २,५०० मिळून ३,६८० रुपये मान्य. मागणी ७१,३२० ची. हाच आकडा शेवटपर्यंत धरायचा. फोनवर एक, मेसेजमध्ये दुसरा, नोटिशीत व्याज-मनस्ताप धरून दीड लाख, असं केलं की तुमचं म्हणणं कच्चं दिसायला लागतं.

आता दुसऱ्या करारातले २५ हजार. नूतनीकरणाच्या वेळी ही चूक फार होते. कधी टंकनाची, कधी "स्टँप वाचतो" म्हणून मुद्दाम. प्रत्यक्षात काय वाचतं ते पाहा. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे, आणि परत करायच्या डिपॉझिटवर ते थेट लागत नाही, तर डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के इतक्या मानीव (व्याज म्हणून धरलेल्या) रकमेवर लागतं. ५० हजार कमी दाखवले तर मानीव रक्कम ५ हजारांनी कमी होते, आणि त्यावरचं शुल्क होतं साडेबारा रुपये. साडेबारा रुपयांसाठी ५० हजारांचा पुरावा हातचा घालवायचा! जो कोणी हे वाचतोय आणि ज्याचा करार येत्या महिन्यांत पुन्हा होणार आहे, त्याला हात जोडून सांगतो. नव्या करारात "डिपॉझिट रु. ७५,०००, जे अमुक तारखेच्या आधीच्या करारानुसार अमुक तारखेला अमुक यूटीआर (बँक व्यवहाराच्या) क्रमांकाने दिलेलं असून ते पुढे कायम आहे" हे वाक्य आलंच पाहिजे.

तुमच्या बाबतीत मात्र ही चूक सावरता येते. पहिल्या नोंदवलेल्या करारात मालकांना ७५ हजार मिळाल्याचं लिहिलंय, तुमच्या बँकेच्या खातेउताऱ्यात ती रक्कम गेलेली दिसते, आणि मधल्या काळात ५० हजार परत आल्याची नोंद कुठेही नाही. परत दिले असं मालक म्हणणार असतील तर ते त्यांनी दाखवायचं. शिवाय त्यांच्याच मेसेजमध्ये वजाबाकी ७५ हजारांतून सुरू होते. करारांची प्रत हरवली असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधून काढता येते. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, सुद्धा काढून ठेवा.

इथे नोटरी केलेल्या कागदावर राहिलेल्यांसाठी दोन शब्द, कारण माझ्याकडे येताना ते सगळ्यात जास्त घाबरलेले असतात. कॉट बेसिसवर (खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन), छोट्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा करार बहुधा असाच असतो, किंवा नसतोच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने नोंदवला नाही तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने ते खोटं ठरवेपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा "करार रजिस्टर नाही, तू काय करणार?" असं कोणी दरडावलं तर घाबरायचं कारण नाही. ती चूक दरडावणाऱ्याची आहे.

पुढची पायरी पत्राची. सुरुवातीला वकिलाच्या नोटिशीची गरज नाही, तुम्ही स्वतः लिहिलेलं पत्र पुरतं. मी अशिलांना साधारण असा मजकूर देतो:

"आपणांस वाकड येथील सदनिकेच्या अनामतीपोटी मी रु. ७५,००० दिले होते. दि. ३१ मे रोजी सदनिका रिकामी करून चावी दिली आहे. आपण दि. … च्या संदेशात रु. ४४,०८० च्या कपाती कळवल्या. त्यांपैकी वीजबिल रु. १,१८० व ट्रॉली दुरुस्ती रु. २,५०० मला मान्य आहेत. उर्वरित कपाती मला मान्य नाहीत; त्यांची बिले व नुकसानीचे फोटो आपल्याकडे असल्यास पाठवावेत. रु. ७१,३२० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पुढील खात्यात जमा करावेत. न केल्यास या पत्राच्या तारखेपासून द.सा.द.शे. ९ टक्के दराने व्याज मागण्यात येईल व योग्य ती कायदेशीर कार्यवाही करण्यात येईल."

यातलं व्याजाचं वाक्य काढू नका. १९७८चा व्याज कायदा असा आहे की लेखी करारात पैसे द्यायची ठरलेली तारीख असेल तर त्या तारखेपासून व्याज मागता येतं, आणि तशी तारीख नसेल तर "व्याज मागणार आहे" असं लेखी कळवल्या दिवसापासून. म्हणजे हे वाक्य जितकं उशिरा लिहाल तितके दिवस तुमचे गेले. तुमच्या करारात उशिराच्या व्याजाचा दर दिला असेल तर ९ च्या जागी तोच लिहा. मुंबईच्या करारांत १८ टक्केसुद्धा सापडतो.

पत्र पोचल्याची पावती मिळेल अशा पद्धतीने पोस्टाने पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट आणि सोबत पोच मागा. पत्ता करारातला घाला. त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवरही पाठवा. मालक परदेशात आहेत आणि सगळं त्यांचे मेहुणे बघतात, असं पुण्यात पदोपदी आढळतं. तसं असेल तर पत्र दोघांनाही जाऊ द्या. कुलमुखत्यार म्हणून सही मेहुण्यांची असली तरी देणं मालकाचं आहे.

चावी एजंटला दिली हा तुमच्या बाजूचा कच्चा दुवा. उद्या मालक म्हणतील, ताबा मला जूनच्या शेवटी मिळाला. आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मुदतीनंतर ताबा न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडं मागता येतं. म्हणून आजच एजंटला साधा मेसेज टाका, "३१ मेला संध्याकाळी तुमच्याकडे चावी दिली होती ना, ती मालकांना त्याच दिवशी पोचली ना?" त्याचं "हो" आलं की काम झालं. सोसायटीच्या गेटवरची सामान बाहेर नेल्याची नोंद, टेंपोवाल्याला केलेलं पेमेंट हेही जोडीला ठेवा.

पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पहिला थांबा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय आहे. तिथे दावा दाखल करण्याआधीच अर्ज देता येतो, त्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. कोर्ट फी लागत नाही. मालकांना बोलावणं जातं आणि तडजोड लोकअदालतीत नोंदवली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपीलही नाही. न्यायालयाच्या शिक्क्याचं बोलावणं घरी गेलं की बऱ्याच मालकांना तेव्हाच पैसे सापडतात. माहितीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्न न पाहता मोफत वकीलही मिळतो. मालक आलेच नाहीत तर त्यांना तिथे सक्ती करता येत नाही, ही या मार्गाची मर्यादा.

मग दावा. लेखी करारावरच्या ठरलेल्या रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली समरी सूट, म्हणजे संक्षिप्त पद्धतीने चालणारा दावा, करता येतो. त्यात मालकाला बचाव करण्यासाठीच आधी परवानगी मागावी लागते. घर सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायला हवा. तरीही स्पष्ट सांगतो, ७१ हजारांसाठी दावा हा शेवटचा मार्ग. वकिलाची फी, तारखा, रजा यांचा हिशेब मांडूनच पाऊल टाका. पोलिसांत गेलात तर "ही दिवाणी बाब आहे" असं ऐकून परत याल. आणि सोसायटीच्या ग्रुपवर मालकांचं नाव घेऊन लिहू नका. अब्रुनुकसानीचा वाद नव्याने अंगावर येतो आणि पैसे आणखी लांबतात.

मधल्या काळात मालकांनी पुढच्या तारखेचा चेक देऊ केला तर आनंदाने घ्या. तो वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून त्यांना १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ची (चेक न वटल्याची) तक्रार. ही मुदत एक दिवसही चुकवू नका. तुमच्या साध्या येणे रकमेला मग फौजदारी धार येते.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी विचारलंय, "५५ हजारांवर मिटवत असतील तर घेऊ का?" माझं मत असं. नुसता आकडा सांगितला तर नाही म्हणा. रंगाचं खरं बिल आणि एखाद्या भिंतीचा खरा फोटो घेऊन आले तर ६० ते ६५ हजारांच्या दरम्यान घेऊन मोकळे व्हा. रक्कम एकदम आणि बँकेतून. जमा होण्याआधी "सर्व रक्कम मिळाली, काही येणं नाही" या कागदावर सही करू नका. अर्धेच आले तर त्याच दिवशी मेसेज करा: "रु. ३०,९२० जमा झाले, ते ७१,३२० पैकी अंशतः म्हणून घेतले आहेत, बाकी रु. ४०,४०० येणे आहेत."